प्रवेश फी कुठे गेली? साखळी व्यवसायाच्या वादाची पार्श्वभूमी

साताऱ्या-सांगलीकडे उसाची बिलं खात्यावर जमा झाली, की मंगल कार्यालयांत लग्नांच्या जोडीने 'प्लॅन' (माल घ्या, खाली सभासद लावा आणि त्यांच्या खरेदीवर कमिशन मिळवा, असा साखळी व्यवसाय) दाखवण्याच्याही तारखा पडतात. मेहुणा, शाळेतला वर्गमित्र, नाहीतर मुंबईला गेलेला चुलतभाऊ "जरा चहाला येतो" म्हणून फोन करतो, आणि तो उठून गेल्यावर घरात वाद सुरू होतो. एकाचं म्हणणं असतं, "माल चांगला आहे, सरकारमान्य आहे, मग अडचण काय?" दुसरा एका शब्दात 'फ्रॉड' म्हणून मोकळा होतो. हा वाद मी पंचवीस वर्षं ऐकतोय. त्यात दोन्हीकडून जे कायदे आणि निकाल फेकले जातात ते कुठून आले, हे नीट मांडलेलं मला कुठे दिसलं नाही, म्हणून हे टिपण. अपलाइन म्हणजे आपल्याला लावणारा, डाउनलाइन म्हणजे आपल्या खाली लागलेले, लेग म्हणजे खालची एक बाजू, आणि दोन्ही बाजूंना एकेक लागला की एक पेअर. आपल्याकडे ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

परदेशातला इतिहास थोडक्यात. या पद्धतीचं मूळ १९४५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात जीवनसत्त्वाच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीच्या योजनेत सापडतं. तिच्याच दोन वितरकांनी १९५९ मध्ये स्वतःची कंपनी काढली, आणि पुढे तीच या धंद्याचा चेहरा झाली. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७५ मध्ये एका सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात पिरॅमिडची (म्हणजे नव्या सभासदांच्याच पैशावर चालणाऱ्या योजनेची) कसोटी घालून दिली. विकण्याचा हक्क मिळवण्यासाठी माणूस पैसे भरतो का, आणि शेवटच्या ग्राहकाला झालेल्या विक्रीशी संबंध नसताना त्याला माणसं आणण्याबद्दल मोबदला मिळतो का, असे तिचे दोन भाग. १९७९ मध्ये त्याच आयोगाने १९५९ च्या कंपनीला पिरॅमिडच्या आरोपातून सोडलं. कंपनीचे स्वतःचे नियम तिच्या कामी आले: घेतलेल्या मालापैकी ७० टक्के विकल्याशिवाय नवा घ्यायचा नाही, दर महिन्याला १० किरकोळ ग्राहक दाखवायचे, न खपलेला माल कंपनीने परत घ्यायचा. सेमिनारमध्ये हा निकाल आजही सांगतात. कमाईचे फुगवलेले दावे करायला त्याच निकालाने कंपनीला मनाई केली होती, तेवढं मात्र गाळतात.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या दाराने सुरू होते. सत्तरच्या दशकात गावोगावी बक्षीस भिशी आणि लकी ड्रॉ यांचं पेव फुटलं होतं. दरमहा हप्ता भरायचा, ज्याचं नाव निघेल त्याला वस्तू मिळणार आणि पुढचे हप्ते माफ. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या अभ्यासगटाने १९७५ च्या अहवालात यावर बंदी सुचवली, आणि १९७८ मध्ये बक्षीस चिठ्ठी व पैसा-फिरवणूक योजनांना बंदी घालणारा केंद्रीय कायदा झाला. (नोंदणीकृत चिट फंड ही निराळी गोष्ट. त्याला १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. लोक दोन्हींना 'चिट फंड' म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.)

साखळी व्यवसायाचा सगळा वाद या १९७८ च्या कायद्यातल्या एका व्याख्येत अडकलेला आहे, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. 'पैसा-फिरवणूक योजना' म्हणजे काय? इंग्रजी मजकुराचा सरळ अर्थ असा: कोणत्याही नावाने चालणारी अशी योजना, जी झटपट किंवा सहज पैसा मिळवण्यासाठी आहे, किंवा जिच्यात पैसे देण्याच्या वचनाच्या बदल्यात पैसा अगर मौल्यवान वस्तू घेतली जाते, आणि ते सगळं सभासद नोंदवण्याशी निगडित अशा एखाद्या घटनेवर अवलंबून आहे, मग तो पैसा सभासदांच्या प्रवेश शुल्कातून आलेला असो वा नसो.

पहिला प्रश्न 'झटपट किंवा सहज पैसा' या शब्दांनंतरच्या स्वल्पविरामाने उभा केला. तिथे वाक्य तुटलं असं मानलं, तर झटपट पैशाची कुठलीही योजना गुन्हा ठरते, सभासद नोंदवा अगर नोंदवू नका. बंगाल सरकारने कोलकात्याच्या एका वित्तसंस्थेविरुद्ध हाच अर्थ लावला होता. ती कागदावर १२ टक्के व्याज दाखवायची आणि वरचे गुपचूप धरून ४८ टक्क्यांपर्यंत द्यायची. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अर्थ फेटाळला. झटपट पैसा आणि सभासद नोंदणीवरचं अवलंबन ही दोन्ही लक्षणं असतील तरच योजना या व्याख्येत बसते, असं तेव्हाच्या सरन्यायाधीशांच्या निकालपत्राने ठरवलं आणि त्या संस्थेवरचा तपास रद्द झाला.

जादा व्याजाची आमिषं दाखवणाऱ्यांना त्या निकालाने वाट मोकळी झाली, असं अनेक वर्षं बोललं गेलं, आणि ते खोटं नाही. महाराष्ट्राला १९९९ मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा करावा लागला, तो ज्या पोकळीमुळे, त्यातली एक ही. साखळीवाल्यांच्या बाबतीत मात्र उलट झालं. आता सगळा भर सभासद नोंदणीवर आला, आणि साखळी तर नोंदणीवरच उभी असते. शिवाय व्याख्येच्या शेवटची 'प्रवेश शुल्कातून आलेला असो वा नसो' ही शब्दरचना पाहा. माझ्या मते पूर्ण कायद्यातले सर्वात दूरदृष्टीचे शब्द हेच आहेत. "आम्ही प्रवेश फी घेत नाही, आम्ही वस्तू विकतो" हा बचाव पुढे वीस वर्षांनी येणार होता, त्याचं उत्तर १९७८ च्या मजकुरात आधीच लिहून ठेवलं होतं.

त्याच कायद्याचं तिसरं कलम फारसं कोणी वाचत नाही. योजना चालवणं जसं गुन्हा, तसंच तिचं सभासद होणं आणि तिच्यासाठी पैसे घेणं-पाठवणं हाही गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्याने खाली दहा जण लावलेत तो पोलीस ठाण्यात कसा जाणार? त्याची स्वतःची तक्रार त्याच्यावरच उलटते. आपल्याकडे फसलेली माणसं गप्प का बसतात याचं कारण नुसती लाज नाही, हेही आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी कंपन्या भारतात उतरल्या. आधी डबे, सौंदर्यप्रसाधनं आणि चुंबकाच्या गाद्या आल्या, मग १९९८ मध्ये अमेरिकेची ती १९५९ ची बडी कंपनी. त्यांच्या मागोमाग देशी कंपन्यांचा पूर आला. आपले जिल्हे या कामाला जणू तयारच होते. माण-खटाव, खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरलेले, पाटण-जावळीचे माथाडी मुंबईत. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्याला पै-पाहुण्यांतून ओळखतो आणि शब्दावर पैसे देतो. ज्या विश्वासावर गलाईचा धंदा उभा राहिला, तोच विश्वास साखळीने खर्चायला काढला. इतर शहरांत यांना माणसं शोधावी लागली. इथे वहीतली सोयऱ्यांची यादी पुरली.

मी कराडमध्ये आयकराची विवरणपत्रं भरून देतो. २००० ते २०१२ हा काळ मी टेबलाच्या या बाजूने पाहिला. २००९ च्या जुलैमध्ये एक शिक्षक आले होते. आयडी (सभासद क्रमांक) बायकोच्या नावावर, कारण नोकरीत जोडधंदा चालत नाही. कमिशन वर्षाला ४१,६०० रुपये, टीडीएस (कमिशन देतानाच कापला जाणारा कर) कापलेला, प्रमाणपत्र नीट प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. सोबत खर्चाची वही, अक्षर फळ्यावरच्यासारखं. आयडी चालू राहावा म्हणून दरमहा ३,००० ची स्वतःची खरेदी, वर्षाचे ३६,०००. पुण्यातल्या दोन सेमिनारांचे २,४००. पेट्रोल ९,३५०. हॉलच्या भाड्यातला वाटा ३,५००. बेरीज ५१,२५०. म्हणजे ९,६५० चा तोटा. सर म्हणाले, "ती खरेदी कशाला धरता? माल आम्ही घरातच वापरतो." ती वगळली तर त्यांना २६,३५० चा नफा होता. मी विचारलं, कमिशन नसतं तर महिन्याला तीन हजारांची टूथपेस्ट, साबण आणि प्रोटीन पावडर घेतली असती का? ते गप्प राहिले. सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी मात्र लगेच म्हणाल्या, "पलंगाखाली अकरा डबे पडलेत, सील फोडलेलं नाही."

त्या अकरा डब्यांत या वादाचं खरं मर्म आहे, असं मी मानतो. साखळीला बाहेरून पैसा येतो तो ग्राहकाकडून. सभासदच ग्राहक झाला, तर दरमहाची खरेदी ही विक्री की प्रवेश फीचे हप्ते? पहिल्या पिढीच्या योजना फी उघड घेत. मग ती 'किट' झाली. किटवर बोट ठेवलं गेलं, तसा 'मासिक पॉइंट', म्हणजे दरमहा ठरावीक खरेदी, आला. २००० नंतर सोन्याच्या नाण्याची बायनरी (प्रत्येकाच्या खाली दोन जण लावण्याची) योजना इकडे आली होती, तिच्यात नाणंच फी होतं. २०१०-११ मध्ये सिंगापूरहून चालणाऱ्या ऑनलाइन सर्वेक्षणाच्या कंपनीने ११,००० रुपये घेतले, ते एका ई-मासिकाची वर्गणी म्हणून. फी कुठेच गेली नाही, फक्त पावतीवरचं तिचं नाव बदललं.

बायनरीचा हिशेबही एकदा करून पाहावा. प्रत्येकाने दोन जण लावले, तर विसाव्या पायरीपर्यंत वरच्यासह २०,९७,१५१ माणसं होतात. एकविसावी पायरी भरायला आणखी २०,९७,१५२ लागतील. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ होती, सांगलीची २८,२२,१४३. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साखळी कुठेही थांबवा, वरच्या सगळ्या ओळी मिळून जितकी माणसं, त्याहून एक जास्त शेवटच्या ओळीत असतात, आणि त्यांच्या खाली कोणी नसतं. तिच्या वरच्या ओळीत एकूण माणसांपैकी साधारण पाव हिस्सा असतो, आणि त्यांच्या पदरात एकेकच पेअर पडते. हे मेहनत न करण्याचं फळ म्हणून सांगितलं जातं, तेव्हा मला मनापासून राग येतो. सगळ्यांनी सारखीच मेहनत केली तरी हेच होतं.

न्यायालयांत वारं साखळीच्या विरुद्ध वाहत होतं. २००७ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने त्या बड्या अमेरिकी कंपनीची योजना १९७८ च्या व्याख्येत बसते असं म्हटलं. माल खरा असण्याने फरक पडला नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका योजनेबाबत हाच रोख ठेवला, की नवे सभासद येत राहिले तरच जुन्यांना पैसे मिळणार, ही रचनाच दोषाची. २०१३ मध्ये केरळ पोलिसांनी आणि २०१४ मध्ये आंध्र पोलिसांनी त्या अमेरिकी कंपनीच्या भारतातल्या प्रमुखाला अटक केली. मग उद्योगाने स्वतंत्र नियमांचा आग्रह धरला. ग्राहक व्यवहार खात्याने सप्टेंबर २०१६ मध्ये राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सल्ल्याच्या स्वरूपाच्या होत्या, बंधन नव्हतं. पिरॅमिडची व्याख्या त्यांत होती, पण अपवादही होता, आणि त्यात 'वापरला' किंवा विकला जाईल इतक्या मालाची खरेदी चालेल अशी वाट होती. सरांची ती वही मला तेव्हा आठवली.

ग्राहक संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्यात थेट विक्रीची व्याख्या आली आणि २८ डिसेंबर २०२१ ला बंधनकारक नियम निघाले. पिरॅमिड आणि पैसा-फिरवणुकीला मनाई, नोंदणी शुल्काला मनाई, विक्रेत्याकडे ओळखपत्र हवं, वेळ ठरवल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही, विक्रेत्याने केलेल्या विक्रीतून आलेल्या तक्रारीला कंपनी जबाबदार, देखरेखीची यंत्रणा राज्यांनी उभारायची. हे नियम चांगले आहेत. पण 'सरकारमान्य' या शब्दाला बळही इथूनच मिळतं. नियम पाळायला सांगणं म्हणजे योजना तपासून मंजूर करणं नव्हे, तरी सेमिनारच्या पडद्यावर हे नियम परवान्यासारखे झळकतात. ते लागू होऊन चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा एप्रिल २०२२ मध्ये ईडीने त्याच बड्या कंपनीच्या ७५७.७७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली.

मधल्या काळात आपल्या भागात आणखी एक घाव बसला. २०१९ मध्ये इस्लामपुरातून चाललेली कडकनाथ कोंबड्यांची योजना कोसळली. पिल्लं घ्या, वाढवा, अंडी-पक्षी आम्हीच परत घेऊ, असा तो करार. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्या फेकल्या गेल्या. ही साखळी नव्हती, तिथे प्रश्न ठेवी आणि परत खरेदीचा होता. पण लोकांच्या बोलण्यात दोन्ही एकच झालं, आणि साखळीवाल्यांनी त्याचा फायदा घेतला: "आम्ही काय कोंबड्या विकतो का?"

यात कोणाचंच भलं झालं नाही असं मी म्हणणार नाही. माझ्याकडेच दोन माणसं अशी येतात, ज्यांचं कमिशन कित्येक वर्षं पगारासारखं नियमित आहे. दोघंही आपल्या कंपनीत फार आधी शिरलेले. बाकीच्यांचं काय झालं याचा आकडा दोन्ही बाजू एकमेकांकडे मागतात. कमिशनवरचा टीडीएस ठरावीक रकमेच्या वर गेल्यावरच कापला जातो. ती मर्यादा २०१० पासून ५,०००, २०१६ पासून १५,००० आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपये आहे. शेवटच्या ओळीतल्या माणसाचं कमिशन तिथवर पोचत नाही. त्यामुळे त्याच्या पॅनवर नोंद होत नाही, त्याचा तोटा कुठल्या विवरणपत्रात येत नाही, आणि माझ्या टेबलापर्यंतही तो कधी आलेला नाही. सर आले ते टीडीएस परत मागायला.