घरगुती कोंबुचा

साखर घातलेल्या कोऱ्या चहाला यीस्ट आणि आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूंचे विरजण लावून आंबवलेले पेय. चव आंबटगोड, रंग मूळ चहापेक्षा फिका. आंबताना पृष्ठभागावर पांढरट, चिवट थर धरतो. त्याला स्कोबी म्हणतात. नवशिक्याचे सगळे लक्ष या चकतीकडे जाते. तयार कोंबुचाच्या आंबट पाण्यात मात्र तेच सूक्ष्मजीव मुबलक असतात आणि वर आम्लही असते. चकती नसली तरी चालते, आंबट पाणी नसले तर चालत नाही. सुरुवातीला एवढे लक्षात ठेवले तरी बरेचसे घाण बिघडायचे वाचतात.

उगम ईशान्य चीनमधील मांचुरिया भागातला मानला जातो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी सम्राटाची गोष्ट सर्रास सांगितली जाते, पण तिला त्या काळातला पुरावा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पेय रशियात आणि तिथून जर्मनीत पसरले. जर्मन कवकशास्त्रज्ञ गुस्ताव लिंडाऊ यांनी १९१३ साली त्या चकतीचे वर्णन करून तिला ‘मेडुसोमायसेस गिसेव्ही’ असे शास्त्रीय नाव दिले. चकती म्हणजे एकच बुरशी, हा त्यामागचा समज पुढे मागे पडला. अमेरिकेत १९९५च्या सुमारास जी. टी. डेव्ह यांनी बाटलीबंद कोंबुचा विकायला सुरुवात केली आणि तिथे त्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली.

बरणीत दोन कामे एकमेकांवर अवलंबून चालतात. यीस्ट साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करते, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ॲसिटिक जीवाणू त्या अल्कोहोलपासून ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, आणि ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल बनवतात. या जीवाणूंना प्राणवायू लागतो. म्हणून बरणी रुंद तोंडाची हवी आणि तिला झाकण नको, कापड हवे. यांच्यातलाच ‘कोमागाटाइबॅक्टर झायलिनस’ हा जीवाणू सेल्युलोजचे धागे विणतो, त्यांचीच चकती होते. नारळपाण्यापासून नाटा डी कोको ही चिवट जेली बनते तीही याच जीवाणूमुळे.

विरजण मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे घरी कोंबुचा करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून चकती आणि सोबत वाटीभर आंबट पाणी मागून आणणे. नुसती चकती कोणी देऊ केली तर पाणीही मागावे. नाहीतर बाजारातला बिनस्वादाचा, पाश्चराइज न केलेला कोंबुचा वापरता येतो. मात्र त्यावर पहिला थर धरायला वेळ लागतो.

एक लिटरच्या घाणासाठी ६ ते ८ ग्रॅम चहा, ६० ते ८० ग्रॅम साखर आणि १०० ते २०० मिलिलिटर जुने आंबट पाणी लागते. नेहमीची सीटीसी चहापूड चालते, पण तिचा अर्क कडक उतरतो, म्हणून ती कमी घ्यावी आणि फार वेळ उकळू नये. काळ्या चहाइतकाच हिरवा चहाही चांगला. चहाचा मसाला, वेलदोडा किंवा तेलाचा सुगंध दिलेली पूड पहिल्या आंबवणीत नको, कारण त्यातली तेले विरजणाला मारक ठरू शकतात. दुधाचा तर प्रश्नच नाही. साखर कमी केली की पेय अधिक पथ्याचे होईल असे वाटते, पण ती सूक्ष्मजीवांचे अन्न आहे. चव आंबट होत जाते ती साखर खर्ची पडल्यामुळेच. गुळावरही आंबते, तरी पहिले काही घाण पांढऱ्या साखरेचेच करावेत, म्हणजे बरणीत काय चालले आहे ते नीट दिसते.

उकळत्या पाण्यात चहा टाकून दहा मिनिटांनी गाळावा, गरम असतानाच साखर विरघळवावी आणि मग पूर्ण गार होऊ द्यावे. ही घाई भोवते, कारण कोमट म्हणता म्हणता गरमच असलेल्या चहात विरजण मरते. गार चहा काचेच्या बरणीत ओतून आंबट पाणी घालावे, चकती असल्यास सोडावी. ती तरंगो वा तळाशी जावो, दोन्ही ठीक. तोंडावर घट्ट विणीचे सुती कापड दोऱ्याने आवळून बांधावे. विरळ मलमलीतून चिलटे आत शिरतात. लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी मोहात पाडते, पण झिलईत शिसे असेल तर आम्लाने ते पेयात उतरते. तांब्या-पितळेची भांडीही वर्ज्य.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पृष्ठभागावर धुकट, पारदर्शक पापुद्रा दिसू लागतो. खालून अडकलेले बुडबुडे त्याला जागोजागी उचलतात, तपकिरी तंतू लोंबतात. हे यीस्टचे तंतू पाहून अनेकजण घाबरून सगळे ओतून देतात. त्याची गरज नाही. बुरशी वेगळी असते: कोरडी, लवदार, हिरवी, काळी किंवा पांढरी, आणि नेहमी वरच्या अंगाला. ती दिसली तर चकतीसह सर्व फेकावे. वरचा भाग काढून उरलेले वापरण्याची काटकसर इथे करू नये. सुरुवातीलाच आंबट पाणी पुरेसे घातले तर बुरशीला सहसा जागा मिळत नाही. सामू म्हणजे पीएच (तो जितका कमी तितके आम्ल जास्त) मोजायच्या पट्ट्या स्वस्त मिळतात. पिण्यापूर्वी तो ४.२च्या खाली आलेला असावा. अडीचच्याही खाली गेला तर ते पेय न राहता व्हिनेगरच होते.

साधारण ७ ते १४ दिवस लागतात. मुंबई-कोकणातल्या उन्हाळ्यात आठवड्याच्या आतच पेय आंबटढोण होऊ शकते, पुण्या-नाशिकच्या थंडीत मात्र दोन आठवडेही कमी पडतात. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा पाचव्या दिवसापासून स्वच्छ चमच्याने रोज चाखणे बरे. मनाजोगी चव आली की पुढच्या घाणासाठी आंबट पाणी आधी काढून ठेवावे आणि मगच पेल्याला हात लावावा.

फसफस हवी असेल तर बाटलीत आल्याचे तुकडे, कोकम किंवा फळांचा रस घालून, बूच लावून एक ते तीन दिवस बाहेर ठेवतात. इथे खरा धोका आहे. कोंडलेल्या वायूने काचेची बाटली फुटू शकते. सोड्याची प्लॅस्टिक बाटली नवशिक्याला सर्वांत सोयीची, कारण ती दाबून पाहता येते. कडक लागली की फ्रिजमध्ये ठेवावी.

आरोग्याचे दावे पुराव्यापेक्षा फार पुढे गेले आहेत. माणसांवरचे प्रयोग थोडे आणि छोटे आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मधुमेहविषयक चाचणीत उपाशीपोटीची साखर घटलेली दिसली, पण त्यात अवघे १२ जण होते. दुसरीकडे १९९५ साली आयोवा राज्यात कोंबुचा पिणाऱ्या दोन स्त्रियांना रक्तातील आम्लता वाढण्याचा गंभीर त्रास झाला आणि त्यातली एक दगावली. कोंबुचाशी त्याचा निश्चित संबंध सिद्ध झाला नाही. त्यामुळे सुरुवात अर्ध्या कपाने करावी. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी घरचा कोंबुचा टाळावा. त्यात थोडे कॅफीन उरते, साखर उरते आणि अल्कोहोलही असते. अमेरिकेत २०१० साली बाटल्यांमधले अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या मर्यादेपलीकडे गेल्याच्या शंकेने दुकानांतून माल काढून घ्यावा लागला होता. घरच्या, बूच लावून जास्त दिवस ठेवलेल्या बाटलीत ते याहून अधिक असू शकते. मद्य वर्ज्य असणाऱ्या पाहुण्यापुढे पेला ठेवताना हे आधी सांगावे.