शेवाळ चावत नाही

वास्कोसमोरच्या ग्रांडे बेटापाशी डायव्हिंग करून भाचा परतला तो मनगटावर लाल चट्टे घेऊन. "मामा, शेवाळ चावलं." शेजारच्या काकी दृष्ट काढायला मीठ-मिरच्या घेऊन आल्या. दिसायला कसं होतं, मी विचारलं. "खडकात पांढरं पीस खोचल्यासारखं."

मग तो बहुधा हायड्रॉइड. हा प्राणी आहे, शाळेत शिकलेल्या हायड्राचा नातलग. हायड्रा एकटा राहतो, हे पीस म्हणजे अख्खी वसाहत: मधला देठ, दोन्हीकडे फांद्या, फांदीवर पेल्यांची रांग आणि प्रत्येक पेल्यात एक पॉलिप, म्हणजे हायड्रासारखाच एक इवलासा जीव. संघ निडारिया, वर्ग हायड्रोझोआ, पेला असतो म्हणून गण लेप्टोथेकाटा. पेल्याला तीन न हलणाऱ्या नळ्या चिकटलेल्या असतील तर कुळ ॲग्लाओफेनिइडी. त्या नळ्यांत दंशपेशी, म्हणजे डंख मारणाऱ्या पेशी, भरलेल्या असतात. उष्ण समुद्रांतली पांढरी, झोंबणारी जात मॅक्रोऱ्हिंकिया फिलिपिना. तिचं वर्णन १८७२ साली किर्शेनपावर यांनी केलं, आणि हे गृहस्थ हॅम्बुर्गचे महापौरही होते!

पण खरी करामत दंशपेशीतल्या कुपीची. कुपीचं कवच कोलाजेनचं, घट्ट विणलेलं. आत पॉलिग्लुटामेट नावाची ऋणभारित साखळी आणि तिने धरून ठेवलेले आयन. त्यामुळे पाणी सतत आत ओढलं जातं आणि दाब चढत जातो. हायड्राच्या कुपीत तो सुमारे १५० बार असतो. भाच्याच्या पाठीवरचा हवेचा सिलिंडर पूर्ण भरला तरी साधारण २०० बार! भक्ष्याचा स्पर्श झाला की झाकण उडतं आणि आत गुंडाळलेली नळी सदऱ्याच्या बाहीसारखी उलटी होत बाहेर पडते. टोकाचा काटा ७०० नॅनोसेकंदांत सुटतो, गुरुत्वत्वरणाच्या ५० लाख पटींहून जास्त त्वरणाने. त्यामागून विष. एक कुपी एकदाच उडते.

याच गणातले हायड्रॉइड वाळवून, हिरवे रंगवून 'हवेवर जगणारं फर्न' म्हणून विकले जातात. पाणी घालावं लागत नाही, कारण तो मेलेल्या प्राण्याचा सांगाडा असतो. ही शुद्ध फसवणूक आहे.

भाच्याने बोटीवर मनगटावर पिण्याचं पाणी ओतून खसाखसा चोळलं होतं. गोड्या पाण्याने आणि चोळण्याने कातडीवर चिकटलेल्या, न उडालेल्या कुप्याही उडू शकतात. धुवायचं ते समुद्राच्याच पाण्याने, न चोळता. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर थेट डॉक्टरकडे.