टक्का शरीराचा, टक्का कमाईचा

अपघाताच्या फाईलमध्ये फिर्याद असते, पंचनामा असतो, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले असतात. पण जखमी माणूस सगळ्यांत जपतो तो अपंगत्वाचा दाखला. ‘कायमचे अपंगत्व ४५ टक्के’ एवढी ओळ, खाली सही-शिक्का. घरच्यांचा हिशेब तिथेच सुरू होतो: पगाराच्या ४५ टक्के गुणिले उरलेली वर्षे. उलटतपासात विमा कंपनीचा वकील डॉक्टरांना एकच प्रश्न विचारतो, ‘हा टक्का पायाचा की अख्ख्या शरीराचा?’ आणि हिशेब कोसळतो. हा घोळ रस्त्यावर जन्मलेला नाही, तो कारखान्यातून आला आहे.

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याला पहिले परिशिष्ट जोडलेले होते (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). त्याच्या शेवटच्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ आणि दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४०. हे आकडे वाचणारे बहुतेक जण रकान्याचे शीर्षक वाचत नाहीत. तिथे ‘शरीराची हानी’ असे लिहिलेले नव्हते, ‘कमाईच्या क्षमतेतील घट’ असे लिहिले होते. म्हणजे कायद्याने अवयवावरून थेट कमाईवर उडी मारली आणि मधला प्रश्न, माणूस काम काय करतो, सोयीसाठी गाळला. सोय खरीच होती. चूक कोणाची यावर वाद नको, आयुक्तासमोर झटपट निकाल हवा, तर तक्ता लागतोच. तरीही १९७० च्या दशकाच्या मध्यावर एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तक्त्यापलीकडे पाहिले. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व पूर्ण, १०० टक्के.

मोटार अपघातांचा कायदा उशिरा जागा झाला. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, त्यातला सक्तीचा थर्ड पार्टी विमा १९४६ पासून लागू झाला, आणि १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणांची सोय केली. त्याआधी दिवाणी दावा आणि त्याची कोर्ट फी. १९८२ मध्ये पहिल्यांदा चूक सिद्ध न करता मिळणारी रक्कम आली: मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. तिथे टक्क्याचा प्रश्नच नव्हता. व्याख्येत बसलात की ठरलेली रक्कम.

टक्का रस्त्यावर आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. १९८८ च्या कायद्यात कलम १६३अ आणि दुसरे परिशिष्ट घातले गेले. वार्षिक उत्पन्न ४०,००० रुपयांपर्यंत असेल त्याने तक्त्यात वय शोधायचे आणि रक्कम घ्यायची. कायम अपंगत्वासाठी या परिशिष्टाने बोट दाखवले ते १९२३ च्या कारखान्याच्या तक्त्याकडे. दोनच वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या तक्त्यात हिशेबाच्याच इतक्या चुका आहेत की तो तयार गणित म्हणून वापरता येणार नाही. पण सवय लागली होती. कलम १६६ खाली, जिथे उत्पन्नाची मर्यादा नाही आणि खरे नुकसान सिद्ध करायचे असते, तिथेही दाखल्यावरचा टक्का उचलून गुणाकारात टाकला जाऊ लागला. त्यावर काही न्यायाधिकरणे अंदाजाने त्या टक्क्याचा अर्धा भाग कापत, काही दोन तृतीयांश. दोन्हींना आधार नव्हता.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गणित पायऱ्यांत मांडले. आज कोणताही दुखापतीचा दावा चालवताना याच पायऱ्या चढाव्या लागतात. आधी पाहायचे की अपंगत्व कायमचे आहे का, आणि असल्यास पूर्ण की अंशतः. मग दाखल्यावरचा टक्का एका अवयवाचा असेल तर अख्ख्या शरीराच्या मानाने तो किती होतो, हे डॉक्टरांकडून काढून घ्यायचे. शेवटची पायरी डॉक्टरांची नाही, न्यायाधिकरणाची आहे: या अपंगत्वाने या माणसाची कमाई किती बुडाली? त्यासाठी तीन गोष्टी तपासायच्या. अपघातापूर्वी तो कोणते काम करत होता आणि त्याचे वय काय, आता त्याला त्यातले काय जमते आणि काय नाही, आणि ते काम सुटले तर पोट भरण्याजोगे दुसरे काही करता येईल का. निकालातले उदाहरण बोलके आहे. डावा हात कापला गेला तर डॉक्टर सुमारे ६० टक्के लिहितील. तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर कमाईचे नुकसान जवळजवळ १०० टक्के. सरकारी कार्यालयातला कारकून असेल तर कदाचित नोकरी जाणारही नाही, आणि मग कमाईपोटी फारसे मिळणार नाही, सुखसोयी हरपल्याबद्दलची रक्कम मात्र वाढवून द्यावी लागेल. उलट कमाईपोटी १०० टक्के मोजले असतील तर सुखसोयींखाली नाममात्रच.

फरक किती पडतो ते रिक्षाचालकाच्या आकड्यांत पाहू. वय ३२, महिन्याची सिद्ध झालेली कमाई १५,०००, म्हणजे वर्षाची १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे: २,५२,०००. ३१ ते ३५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाची कमाई ज्याने गुणायची तो वयानुसार ठरलेला आकडा, १६. कमाईतील घट १५ टक्के धरली तर ६,०४,८०० रुपये, ३० टक्के धरली तर १२,०९,६००. मृत्यूच्या दाव्यात स्वतःच्या खर्चापोटी तिसरा किंवा चौथा हिस्सा वजा होतो, तसा जखमीच्या दाव्यात होत नाही. माणूस जिवंत आहे, जेवतो आहे. तरी अशी वजावट अजूनही निकालांत डोकावते, अपिलात ती पकडावी. उपचारांचा खर्च, अंथरुणावर गेलेल्या महिन्यांची कमाई, सेवेला ठेवलेल्या माणसाचा पगार, वेदना, पुढच्या शस्त्रक्रिया हे सगळे वेगळे.

मग १५ चे ३० कसे होतात? दाखल्याने नाही, पुराव्याने. रिक्षाचालकाचा गुडघा ९० अंशांपलीकडे वाकत नसेल तर डॉक्टरांनी कोर्टात नुसते ‘४५ टक्के’ न म्हणता सांगायला हवे की हा माणूस ब्रेकचे पॅडल सलग किती वेळ दाबू शकेल. परिवहन वाहनाच्या लायसन्सला नमुना १अ चा वैद्यकीय दाखला लागतो, तो नाकारला गेला असेल तर त्याची प्रत जोडावी. कारखान्याने हलके काम दिले असेल तर जुनी आणि नवी अशा दोन्ही पगारचिठ्ठ्या. उपचार न केलेल्या डॉक्टरांनी एका तपासणीत दिलेल्या तयार दाखल्यांवर २०१० च्या निकालाने कडक ताशेरे मारले आहेत, आणि डॉक्टर साक्षीला आलेच नाहीत तर चांगला दाखलाही कागदच राहतो. डॉक्टर तारखेला येत नाहीत ही नेहमीची अडचण. त्यांना ठरावीक वेळ द्यावी किंवा कमिशनवर, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या व्यक्तीमार्फत कोर्टाबाहेर, साक्ष घ्यावी, हे त्याच निकालात सुचवलेले आहे. तसा अर्ज मात्र क्वचितच केला जातो.

याच काळात आणखी एक आकडा मधे घुसला, ४० टक्के. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्वाची ती मर्यादा आहे आणि आरक्षणासारखे लाभ त्यावर अवलंबून आहेत. अपघाताच्या दाव्याशी तिचा काही संबंध नाही. तरी ३८ चे ४० करून घेण्यासाठी लोक जिल्हा रुग्णालयात खेपा घालतात. तो वेळ कमाईचे कागद गोळा करण्यात घातला तर जास्त पदरात पडेल.

२०१० नंतरही अंदाजाने अर्धे करण्याची खोड गेली नाही. विशीतल्या एका टायपिस्टचा उजवा हात गेला, दाखला ८९ टक्क्यांचा होता, उच्च न्यायालयाने कमाईतील घट ४५ धरली. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ६५ केली, आणि भविष्यातील वाढ जखमींनाही मिळते हे स्पष्ट केले. ६५ हाही आकडा आम्हाला कमीच वाटतो. टायपिस्टचा हात आणि सुताराचा हात यांत कमाईच्या दृष्टीने फरक तो काय?

कायदेमंडळाने मधल्या काळात दोनदा दिशा बदलली. २०१८ च्या अधिसूचनेने दुसरे परिशिष्ट बदलून कायम अपंगत्वाला ‘५ लाख गुणिले टक्का’, किमान ५०,००० असे सूत्र आणले. टक्का अर्थात त्याच कारखान्याच्या तक्त्यातला. मग २०१९ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि कलम १६३अ परिशिष्टासकट गेले. नव्या कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला सरसकट अडीच लाख. गंभीर दुखापतीची व्याख्या फौजदारी कायद्यातली आहे, तीत हाड मोडणे येते, दात मोडणेही येते. टक्का पुन्हा गायब. पाय गमावलेला आणि मनगटाचे हाड मोडून तीन महिन्यांत बरा झालेला, दोघांना सारखेच. म्हणूनच कलम १४९ खाली विमा कंपनीशी होणाऱ्या तडजोडीत कलम १६४ ची रक्कम स्वीकारण्याआधी कलम १६६ चे परंतुक वाचावे: ती स्वीकारली की न्यायाधिकरणातला अर्ज संपुष्टात येतो.

त्याच दुरुस्तीने १९९४ मध्ये काढलेली मुदतही परत आणली, अपघातापासून सहा महिने. मांडीचे हाड जुळायला, रॉड काढायला आणि सांधा किती वळतो हे कायम ठरायला त्याहून जास्त काळ लागतो. कायमच्या अपंगत्वाचा दाखला त्यानंतरचा. २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नका असे सांगितले आहे, पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर थांबणे बरे नाही. पोलिसांचा सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणात जायला हवा आणि तोच अर्ज मानता येतो. तो गेला की नाही हे चौथ्या महिन्यात स्वतः विचारावे. गेला नसेल तर दाखल्याविना अर्ज दाखल करावा, ‘अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावर सादर करू’ अशी ओळ त्यात घालावी, आणि भरपाईचा आकडा पुढे दुरुस्त करून घ्यावा.