स्क्रोल लॉकचा स्विच ई ला दिला

मागच्या महिन्यात राजवाड्याकडे एका कबाड्याच्या ढिगात पिवळा पडलेला कीबोर्ड दिसला, उचलला तर चांगला जड, एक बटण दाबलं आणि टक्क, झालं, मी विरघळलो. "भिया, बैंक का माल है," म्हणत त्याने 80 रुपयांत दिला. बँकांत ते टीव्हीएस गोल्ड असायचे ना, आत प्रत्येक बटणाखाली चेरी कंपनीचा निळा स्विच, त्याच जातीचा हा, नाव घासून गेलेलं. पिन जुनी, गोल, जांभळी. तिला नुसता जोड लावून भागत नाही कारण जुना कीबोर्ड यूएसबीची भाषा बोलतच नाही, मध्ये चिपवाला कन्व्हर्टर लागतो.

जोडला तर सगळं चालतंय, फक्त इंग्रजीत इंदूर लिहिलं की शेवटी दोन ई.

झालं काय, तर या स्विचमध्ये बटण साधारण 2 मिमी खाली गेलं की एक बारीक स्प्रिंगपट्टी सुटून दुसऱ्या पट्टीला टेकते, टेकणारी जागा सोन्याची. पण धातू धातूवर आपटला की जरा उडतोच, म्हणून कीबोर्डची चिप काही मिलिसेकंद थांबून मगच अक्षर धरते. मध्ये कचरा बसला की हे उडणं लांबतं आणि चिपला वाटतं दोनदा दाबलं. (टक्क आवाज पट्ट्यांचा नाही बरं का, आतला एक पांढरा प्लास्टिकचा तुकडा खाली आपटतो त्याचा.)

स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडून पाहिलं, दोन दिवस बरा, मग परत तेच. नवा स्विच कुठे शोधत बसू, म्हणून कधी न लागणाऱ्या स्क्रोल लॉक बटणाचा काढला आणि ई च्या जागी डकवला, ई चा बिघडलेला स्क्रोल लॉकला, दोनच तर पाय असतात डाग द्यायला.

पिवळेपणा एबीएस प्लास्टिकचा, उन्हातल्या अतिनील किरणांनी येतो, आणि गंमत म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हातच ठेवला की जातो. पार्लरमध्ये केस रंगवायला वापरतात ती 12 टक्क्यांची क्रीम फासली, क्लिंग फिल्म गुंडाळली आणि रामबागेतल्या आमच्या गच्चीवर आईच्या कुरडयांपासून लांब, तिच्या हुकमानुसार, दिवसभर ठेवला. फिल्मखाली हवा राहिली तिथे डाग राहिलाय. हातमोजे घालाच, माझी बोटं पांढरी पडून संध्याकाळपर्यंत चुरचुरत होती.

ई आता एकच येतो. स्क्रोल लॉक दाबलं की दिवा लागतो आणि लगेच विझतो.