ओयान्तायताम्बो

दक्षिण पेरूमधील इंकाकालीन गाव व दुर्गस्थळ. कुस्कोच्या वायव्येस सुमारे ६० किमी.वर, पाताकांचा ही लहान नदी उरुबांबाला मिळते तेथे, अँडीज पर्वताच्या कुशीत सुमारे २,८०० मी. उंचीवर ते वसले आहे. माचू पिक्चू या प्रसिद्ध इंका अवशेषस्थळी जाणाऱ्या आगगाड्या येथून सुटतात. त्यामुळे बरेच प्रवासी स्थानकापलीकडचे गाव न पाहताच पुढे जातात.

पंधराव्या शतकाच्या मध्यास इंका सम्राट पाचाकुती याने हा प्रदेश जिंकून आपल्या खासगी मालमत्तेत घेतला आणि गाव नव्याने आखून बांधले. डोंगरउतारावर दगडी बांधांच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेते काढली, पाट खोदले. शेते कसणारे ‘यानाकुना’ म्हणजे सम्राटाचे सेवक होते. समोरच्या पिंकुयुना डोंगरावरील कोठारे मुद्दाम वाऱ्याच्या तोंडावर, उंच बांधलेली आहेत. वरच्या अंगाच्या खिडकीतून धान्य ओतायचे आणि खालच्या अंगाच्या खिडकीतून काढायचे, अशी त्यांची रचना होती.

गडावरील सूर्यमंदिर अपुरे राहिले. अभ्यासकाच्या दृष्टीने ते बरेच झाले म्हणायचे, कारण बांधकामाची रीत या अपुरेपणातच उघडी पडते. गुलाबी छटेच्या सहा प्रचंड शिळा शेजारी-शेजारी उभ्या असून त्यांच्या फटींत दगडांच्याच अरुंद पट्ट्या बसवल्या आहेत. हा दगड नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतला. तो डोंगरावरून उतरवून, नदी ओलांडून, पुन्हा गडावर चढवावा लागे. तोही लोखंडी हत्यारे, चाकाच्या गाड्या आणि ओढकामाची जनावरे नसताना. लामा ओझे वाहतो, पण असली शिळा ओढणे त्याच्या आवाक्यातले नव्हे. सारी भिस्त दोरखंड, उतरणी आणि सक्तीच्या पाळीने राबणाऱ्या माणसांवर होती. वाटेत सोडून दिलेल्या शिळांना स्थानिक लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात.

१५३६ साली स्पॅनिशांविरुद्ध उठाव करणाऱ्या मांको इंका या इंका राजाने पुढे येथे तळ ठोकला. जानेवारी १५३७ मध्ये स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारो चालून आला, तेव्हा वरच्या बांधांवरून गोफणगुंडे व बाण यांचा मारा झाला. पाटांचे पाणी सोडून मांकोने खालचे मैदान भिजवले. चिखलात घोडदळाचा जोर चालेना आणि रात्री स्पॅनिशांनी माघार घेतली. मैदानी लढाईत स्पॅनिशांना मागे रेटण्याचे असे प्रसंग इंकांच्या वाट्याला थोडेच आले. मात्र चिलीहून आल्माग्रो या दुसऱ्या स्पॅनिश सेनानीची फौज परतताच हे ठाणे राखणे अवघड झाले आणि त्याच वर्षी मांको विल्काबांबाच्या जंगलप्रदेशात निघून गेला.

जुन्या गावठाणात आजही वस्ती आहे. अरुंद सरळ गल्ल्या, कडेने वाहणारे पाट आणि समाईक अंगणाभोवतीची ‘कांचा’ घरे ही मूळची आखणी टिकून आहे. कित्येक घरांच्या खालच्या भिंती इंकांच्याच आहेत.