गिटार कॅबिनेट आणि स्पीकर मिक्सिंग

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पचा स्पीकर ज्या लाकडी खोक्यात बसवलेला असतो त्याला कॅबिनेट किंवा नुसतंच कॅब म्हणतात, आणि एकाच कॅबमध्ये दोन वेगवेगळ्या जातीचे स्पीकर बसवून दोघांचा मिळून एक आवाज काढणं म्हणजे स्पीकर मिक्सिंग. टोनचा विषय निघाला की पिकअप, पेडल, ॲम्प यांच्यावरच सगळं बोलणं होतं, पण स्पीकर बदलल्यावर जेवढा फरक पडतो तेवढा महागडं पेडल घेऊनही बऱ्याचदा पडत नाही. कारण गिटारचा स्पीकर हाय-फाय स्पीकरसारखा आलेला सिग्नल जसाच्या तसा पुढे देत नाही, त्याचा आवाका साधारण ७०-८० हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंत, त्याच्या वर आवाज झपकन पडतो, आणि २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात बहुतेक स्पीकर थोडे फुगलेले असतात. डिस्टॉर्शनचा (मुद्दाम फाडलेल्या आवाजाचा) सिग्नल स्पीकर किंवा त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर मध्ये न घालता थेट हेडफोनवर ऐकला तर माशी कानाशी घोंगावल्यासारखा लागतो, तोच आवाज कॅबमधून आला की गिटार वाटायला लागतो. म्हणजे स्पीकर हा वाद्याचाच एक भाग आहे.

कॅब निवडताना पहिला प्रश्न पाठ उघडी की बंद. उघड्या पाठीच्या कॅबमध्ये कोनच्या (स्पीकरच्या पुढे-मागे हलणाऱ्या कागदी शंकूच्या) मागचा आवाजही बाहेर पडतो, खोलीभर पसरतो, हवेशीर आणि मोकळा लागतो, पण मागची लाट पुढच्या लाटेच्या उलट्या फेजमध्ये (एक हवा ढकलते तेव्हा दुसरी ओढते) असल्यामुळे खालच्या फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात आणि बेस पातळ होतो. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, व्हॉक्सचा एसी३० हे ॲम्प या जातीचे. बंद पाठीचा कॅब बेस घट्ट ठेवतो, पाम म्यूट केलेलं (तळहाताने तारा दाबून वाजवलेलं) रिफ छातीवर आदळतं, मात्र आवाज एकाच दिशेला जातो. मार्शलचा ४ बाय १२, म्हणजे १२ इंची ४ स्पीकरचा कॅब, याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण (त्याचा १९६० हा मॉडेल नंबर आहे, वर्ष नाही). द हू बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड याला १९६५च्या सुमारास एकाच खोक्यात ८ स्पीकर हवे होते, ते धूड उचलता उचलता माणसं टेकीला आली, मग त्याचे दोन ४ बाय १२ करून एकावर एक ठेवले गेले आणि स्टॅक जन्माला आला. लाकडाचं म्हणाल तर बर्च प्लाय कडक आणि दणकट, पाइन हलकं आणि स्वतः थोडं कंप पावणारं, एमडीएफ जड. फरक पडतो, पण स्पीकर आणि पाठ यांच्या मानाने कमीच.

स्पीकरच्या संख्येवरून आवाज मोठा होतो एवढंच नाही, वाजवताना जाणवणारं अंगही बदलतं. १ बाय १२ एका जागेवरून नेमका बोलतो, २ बाय १२ घर आणि छोटा स्टेज दोन्हीकडे चालतो आणि मिक्सिंगसाठी सगळ्यात सोयीचा, ४ बाय १२ उचलणारे हात असतील तरच. १० इंची स्पीकर झटपट आणि चुणचुणीत असतात, फेंडरच्या ट्वीड बासमन ॲम्पमध्ये असे ४ होते.

आता स्पीकरच्या जाती. मॅग्नेट दोन मुख्य प्रकारचे, ॲल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचा मिश्रधातू) आणि सिरॅमिक. ॲल्निको जोरात वाजवला की मऊपणे कॉम्प्रेस होतो, म्हणजे आवाजाचे उंचवटे दाबतो, असं बहुतेक वाजवणारे सांगतात, पण नुसता मॅग्नेट बघून टोन ठरवू नये, कोनचा कागद, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) आणि कडेची घडी यांचा वाटा तेवढाच मोठा आहे. सेलेस्टियन या ब्रिटिश स्पीकर कंपनीचा ॲल्निको ब्लू १५ वॉटचा, घंटेसारखी वरची झळाळी असलेला, एसी३०ची ओळख. ग्रीनबॅक म्हणजे जी१२एम २५ वॉटचा, खरखरीत मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी), बेस सैलसर. व्हिंटेज ३० नावात ३० असूनही ६० वॉटचा, अप्पर मिड पुढे काढणारा, बँडच्या गोंगाटातून सोलो बाहेर आणतो पण एकट्याने ऐकला तर काहींना बोचतो. जी१२टी-७५मध्ये मिड खाली आणि वरचं टोक कुरकुरीत. अमेरिकन बाजूला जेन्सन, एमिनन्स, आणि २०० वॉट सहज पचवणारा, शेवटपर्यंत स्वच्छ राहणारा इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल.

मिक्सिंगचा साधा हिशोब असा की एकाकडे जे कमी आहे ते दुसऱ्याकडे असावं. व्हिंटेज ३० आणि ग्रीनबॅक ही जोडी म्हणूनच इतकी चालते, पहिला धार देतो, दुसरा ती बोथट न करता अंग भरतो. व्हिंटेज ३० आणि जी१२टी-७५ हीसुद्धा जुनी जोडी, ४ बाय १२मध्ये एक जात एका कर्णावर आणि दुसरी दुसऱ्या कर्णावर, म्हणजे एक्स आकारात बसवतात, त्यामुळे वरच्या ओळीत काय आणि खालच्या ओळीत काय, दोन्ही आवाज येतात. मॅचलेसच्या डीसी-३० कॉम्बोमध्ये (ॲम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) तर कारखान्यातूनच एक जी१२एम आणि एक सेलेस्टियनचाच जी१२एच-३० शेजारी शेजारी येतात. एकाच घराण्यातले पण स्वभावाने थोडे वेगळे स्पीकर जोडले की आवाज एकजीव होतो. अगदी टोकाचे दोन जोडले, समजा एक पूर्ण स्वच्छ आणि एक लगेच फाटणारा, तर पुष्कळदा दोन ॲम्प वेगवेगळे वाजल्यासारखं ऐकू येतं, आणि काही क्लीन वाजवणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं.

सगळे वॉट बघतात, पण मिक्सिंगमध्ये आधी बघायचा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी, १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. व्हिंटेज ३० आणि ॲल्निको ब्लू १०० डीबी, ग्रीनबॅक ९८, जी१२टी-७५ ९७. ३ डीबीचा फरक म्हणजे कमी आकड्याच्या स्पीकरला बरोबरी करायला दुप्पट पॉवर हवी, आणि एकाच कॅबमध्ये ती त्याला मिळत नाही, तर जोरकस स्पीकरच राज्य करतो आणि दुसरा मागे मागे राहतो. १-२ डीबीचा फरक गोड लागतो, ३च्या पुढे गेलं की दुसऱ्या स्पीकरवर घातलेले पैसे ऐकूच येत नाहीत, माझ्या मते अशी जोडी टाळलेलीच बरी.

इम्पीडन्स (ॲम्पच्या सिग्नलला स्पीकरचा विद्युत विरोध, ओहममध्ये) मात्र सारखाच घ्यायचा, इथे प्रयोग नको. ८ ओहमचे दोन पॅरलल जोडले तर ४, सीरिजमध्ये १६, आणि १६ ओहमचे चार सीरिज-पॅरलल केले तर परत १६. एक ८चा आणि एक १६चा पॅरलल लावला तर भार होतो सुमारे ५.३ ओहम, जो बहुतेक ॲम्पच्या मागे लिहिलेलाच नसतो, शिवाय ८वाला दुप्पट पॉवर खेचतो. सारख्या इम्पीडन्सच्या स्पीकरमध्ये पॉवर साधारण समान वाटली जाते म्हणून कॅबची ताकद सगळ्यात कमजोर स्पीकरवरून मोजायची: २५ वॉटचा ग्रीनबॅक आणि ६० वॉटचा व्हिंटेज ३० मिळून ८५ होत नाही, २५ गुणिले २ म्हणजे ५०. त्यात व्हॉल्व्ह (ट्यूबवर चालणारा) ॲम्प पूर्ण व्हॉल्यूमवर नेला की छापलेल्या वॉटपेक्षा बराच जास्त देतो, तेव्हा हात राखून घ्या. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकर न जोडता चालू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि ॲम्प ते कॅब गिटारची केबल वापरायची नाही, स्पीकरचीच जाड केबल हवी.

बसवून झाल्यावर फेज तपासणं राहून जातं आणि मग चांगली जोडी उगाच बदनाम होते. दीड व्होल्टचा सेल घ्या, त्याचं प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा, टक् असा आवाज येऊन कोन पुढे सरकला पाहिजे, दोन्ही स्पीकरचा. एक पुढे आणि एक मागे गेला तर त्यातल्या एकाच्या वायर उलट करा. जुन्या जेबीएल स्पीकरमध्ये प्लसला कोन मागे जातो, म्हणून नुसत्या लाल खुणेवर विश्वास ठेवून चालत नाही. फेज उलटी असेल तर बेस गायब होतो आणि आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा लागतो.

तुलना ऐकताना दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करून घ्या, कारण जो मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. ज्या व्हॉल्यूमला खरं वाजवणार त्याच व्हॉल्यूमला ऐका, घरात मऊ वाटणारा स्पीकर ड्रमच्या शेजारी हरवू शकतो. आणि उभं राहण्याची जागाही बदला: १२ इंची कोन साधारण १००० हर्ट्झच्या वर आवाज झोतासारखा सरळ फेकतो, त्यामुळे कॅबच्या समोर गुडघ्यावर बसलं तर जो ट्रेबल डोळ्यांत पाणी आणतो तो उभं राहिल्यावर निम्माही ऐकू येत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये मिक्स कॅबचा खरा फायदा, प्रत्येक स्पीकरवर एकेक माइक लावून प्रमाण नंतर ठरवता येतं. फक्त दोन्ही माइक कोनपासून सारख्या अंतरावर हवेत. एक माइक ५ सेंटीमीटर मागे राहिला तरी ३४०० हर्ट्झच्या आसपास दोन्ही सिग्नल एकमेकांना कापतात, म्हणजे जी धार आणायला दुसरा स्पीकर बसवला तीच जाते, म्हणून हे अंतर डोळ्यांनी न ठरवता टेपने मोजून लावतात.