पार्श्वभूमी : थ्री रिव्हर्सचं पोस्ट आणि शिपाई लॉन्गोरिया

अमेरिकेत पोस्टाच्या इमारतीला कुणाचं नाव द्यायचं तर संसदेत कायदा करावा लागतो. पत्ता बदलत नाही, झिप कोड बदलत नाही. आत एक पाटी लागते, एवढंच. युद्धात लढलेल्यांची नावं अशी कितीतरी ठिकाणी लागली आहेत आणि सहसा कुणी हूं की चूं करत नाही. टेक्सासमधल्या थ्री रिव्हर्स या छोट्या गावात मात्र २००४ मध्ये याच मागणीवरून गाव दुभंगलं.

नाव होतं फेलिक्स लॉन्गोरिया. मेक्सिकन वंशाचा, याच गावचा ट्रकचालक. जून १९४५ मध्ये फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावर जपानी गोळीने तो मारला गेला. पार्थिव मायदेशी यायला १९४९ उजाडलं. पत्नी बिएट्रिस अंत्यविधीची व्यवस्था बघायला गेली, तेव्हा गावातल्या एकमेव अंत्यविधीगृहाने प्रार्थनागृह द्यायला नकार दिला. कारण सांगितलं ते असं, की गोऱ्यांना ते आवडणार नाही. गावच्या दफनभूमीतही मेक्सिकन लोकांचा भाग वेगळाच होता, मध्ये काटेरी तार.

बिएट्रिसच्या बहिणीने कॉर्पस क्रिस्टीचे डॉ. हेक्टर गार्सिया यांना गाठलं. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धातले लष्करी डॉक्टर. मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांना हक्काच्या सवलती मिळाव्यात म्हणून १९४८ मध्ये त्यांनी ‘अमेरिकन जी. आय. फोरम’ ही संघटना उभी केली होती. त्यांनी मदतीसाठी नेत्यांना तारा (टेलिग्राम) पाठवण्याचा सपाटा लावला. उत्तर आलं लिंडन जॉन्सन यांचं. पक्षांतर्गत निवडणूक अवघ्या ८७ मतांनी जिंकून ते नुकतेच सिनेटर झाले होते, म्हणजे टेक्सासमधल्या गोऱ्या मतदारांना दुखवणं त्यांना परवडणारं नव्हतं. तरीही त्यांनी व्यवस्था केली आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी लॉन्गोरिया यांचं आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामात दफन झालं.

गावाला हा देशभर झालेला बोभाटा झोंबला. राज्याच्या प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली. भेदभाव झालाच नाही, असं तिच्यातल्या बहुमताचं म्हणणं पडलं. पण एका सदस्याने विरोधी मत नोंदवलं, पुढे आणखी एकाने अंग काढून घेतलं आणि बहुमताचा तो अहवाल अधिकृतपणे दाखलच झाला नाही. त्यामुळे ‘आमच्या गावाची नाहक बदनामी झाली’ आणि ‘आमच्या शहिदाचा अपमान झाला’ या दोन्ही हकिगती घराघरांत पुढच्या पिढीपर्यंत पोचल्या.

म्हणून ५५ वर्षांनी पोस्टाचा विषय निघाला, तेव्हा वाद लॉन्गोरियांच्या शौर्यावर झाला नाही. नाव द्यायचं म्हणजे १९४९ चा तो नकार गावाने मान्य करायचा, हे दोन्ही बाजूंना पक्कं ठाऊक होतं. त्यात असे प्रस्ताव स्थानिक पाठिंब्याशिवाय सहसा पुढे सरकत नाहीत. एरवी ही रीत शहाणपणाचीच. इथे मात्र ज्यांना तो इतिहास नको होता, त्यांच्या हाती आयता नकाराधिकार आला. प्रस्ताव बारगळला. पुढे राज्याच्या इतिहास आयोगाची एक माहितीफलक-पाटी गावात लागली. तिच्यासाठी संसदेची गरज नव्हती.